प्रश्नचिन्हांच्या रांगेतली एक फाइल

मी एक जुनी आज्ञा आहे. माझं नाव स्टेटस. संगणकाच्या काळ्या पडद्यावर मला टाइप केलं, की कोणत्या फायलीला हात लागला ते मी सांगते. बदललेल्या फायलीपुढे 'एम', नोंदच नसलेल्या, म्हणून पुढं न जाणाऱ्या फायलीपुढे प्रश्नचिन्ह. मित्रांनो, शंका घेण्यासाठीच मला घडवलं.

सध्या मी परंड्यात, ऊसतोडणीच्या मशीनच्या ऑफिसात असते. इथं प्रत्येक गावाची, वस्तीची एक फाइल, तीत कोणाचा ऊस कधी तोडायचा तो क्रम. संघप्रिया त्या फायली सर्व्हरवर चढवते, मग मशीनच्या ड्रायव्हरला मोबाइलवर यादी दिसते. पहिल्या हंगामात ती मला दिवसातून चारदा विचारायची. "ही खोटं बोलत न्हाय," म्हणायची. पुढं त्याच फोल्डरात लग्नपत्रिका आल्या, बारशाचे फोटो आले. सगळ्यांपुढे प्रश्नचिन्हं. तिनं ती वाचणंच सोडलं.

परवा जवळच्या वस्तीवरच्या शेतकरी द्वारकाबाई आल्या. "पोरी, आमच्या वस्तीचं एक बी नाव ड्रायव्हरकडं न्हाय. उद्या मशीन पुढच्या तालुक्यात जाणार. उसाला तुरा आलाय, वजन घटतंय, मी काय करू?"

संघप्रियानं मला विचारलं. शेजारच्या गावापुढे मी 'एम' दाखवला. तिची नजर लगेच तिथं बसलेल्या मुकादम बब्रुवानकाकांकडं; त्यांचा मेव्हणा त्याच गावचा. मलाही काकांचाच संशय होता, खोटं कशाला सांगू?

"काका, यादीत तुम्ही हात घातला? मेव्हण्याला वर घेतलं व्हय?"

"घातला. एकाचा फोन नंबर चुकला होता. मेव्हण्याचा ऊस कवाच गुऱ्हाळात गेला," काका म्हणाले. "माझ्या तोंडाकडं काय बघतीस? खालचं वाच की."

खाली एक्केचाळीस प्रश्नचिन्हं होती. संघप्रियाच्याच भावाच्या हळदीच्या फोटोंमध्ये दबून बसली होती द्वारकाबाईंच्या वस्तीची फाइल. सोमवारी तिनंच टाइप केलेली, नोंदीत घ्यायची राहिलेली.

"मावशी, चूक माझी हाय," ती हळूच म्हणाली. "काकांची न्हाय."

"आधी नावं चढीव. रडायचं मागनं बघू."

तिनं फाइल नोंदवली, वर चढवली. ड्रायव्हरचा फोन आला, यादी दिसतेय, मशीन आधी वस्तीवर नेतो म्हणून. आल्यापासून उभ्या असलेल्या द्वारकाबाईंनी आता कुठं खुर्ची ओढून घेतली.

मित्रांनो, कामाच्या फोल्डरात हळद-बारसं ठेवू नका. काम पुढं पाठवण्याआधी मला विचारा, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ज्याच्यावर आधीच डोळा आहे, त्याच्या ओळीवर तुम्ही हमखास थांबता. स्वतःची फाइल नेहमी त्याच्या खाली असते.