कपाटाची किल्ली

“अगं, हात विसरला नाही तुझा!” छोट्या दुर्बिणीला लावलेला डोळा न काढताच मिस्त्री ओरडले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या कागदावर, काळ्या वर्तुळाच्या ऐन मध्यावर, गोळ्यांची भोकं एकमेकांना खेटून पडली होती. चटईवर त्यांची लेक पालथी पडली होती. रायफल रिकामी करून तिनं बाजूला ठेवली आणि गाल बाहीला पुसला.

शेजारच्या चटईवरून वकीलसाहेबांनी मान वर केली. “मिस्त्री, पोरगी पुन्हा तुमचं नाक कापणार.”

“कापू दे की. घरातल्या घरात तर राहील!”

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. उभा जन्म उंच इमारतींच्या पोटातल्या अंधारात, तेलकट तारांशी झटण्यात गेला होता. लिफ्ट अडकली की आतले शिव्या घालायचे, बाहेरचे शिव्या घालायचे, आणि मधल्या मध्ये हे “आलोच, घाबरू नका” म्हणत पान्हा फिरवत राहायचे. रविवार मात्र त्यांचा स्वतःचा. तरुणपणी पै पै साठवून त्यांनी ही जुनी रायफल घेतली होती. शिकारीचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. कागद, काळं वर्तुळ आणि आपला हात, एवढ्यातच त्यांना स्वर्ग होता. सकाळी क्लबात जायचं, दुपारी येऊन रायफल पुसत बसायचं. स्वयंपाकघरातून बायको हाक मारायची, “सवतीची आंघोळ झाली असेल तर जेवायला या!”

लेक लहानपणापासून त्यांच्याबरोबर क्लबात जायची. लक्ष्याच्या अगदी मधल्या ठिपक्याला तिथं सगळे टिकली म्हणत. या पोरीनं शाळेच्या वयातच ती अशी काही टिपायला सुरुवात केली, की टिकली हेच तिचं नाव पडलं. घरीदारी तेच. पुढं ती लग्न करून लांब गेली. जावई गुणाचा होता. दिवस गेले, सगळं नीट चाललं होतं, आणि अगदी शेवटी बाळ पोटातच गेलं. जरा हवापालट म्हणून जावयानं तिला माहेरी आणून सोडलं. आल्यापासून ती खायला दिलं तर खायची, विचारलं तर बोलायची. बाकी भिंतीकडे तोंड करून पडून असायची.

म्हणून त्या रविवारी “बाबा, मी येऊ का तुमच्याबरोबर?” असं तिनं आपणहून विचारलं, तेव्हा मिस्त्रींना आकाश ठेंगणं झालं. परतताना स्कूटरवर मागून तिनं विचारलं, “रायफलीच्या कपाटाची किल्ली अजून शिलाई मशीनच्या खणातच असते ना?”

“तिथंच. गोळ्यांच्या पेटीचीसुद्धा त्याच जुडग्यात आहे. वाटलं तर काढ, पुसून ठेव. आता तुझीच समज ती.”

घरी आल्यावर त्यांनी बायकोला हळूच सांगितलं, “पोरगी येतेय हं वर.”

त्याच आठवड्यातली गोष्ट. मिस्त्री एका इमारतीत लिफ्टच्या टपावर बसून काम करत होते. बायकोचा फोन आला. आवाजात कधी नव्हे तो उत्साह. “अहो, आज टिकली काय छान आहे म्हणून सांगू! सकाळी उठून आपले सगळे कपडे आवरले. चांगल्या साड्या शेजारणीच्या सुनेला देऊन टाकल्या. स्वतःच्या कानातल्या कुड्या माझ्या कानात घातल्या, म्हणाली, तुलाच शोभतात. आणि बळंच मला पाठवलं ताईकडे. म्हणाली, माझ्यापायी अडकून पडू नकोस, जा, निवांत राहा संध्याकाळपर्यंत.”

मिस्त्री हसले. फोन खिशात ठेवला. पान्हा उचलला आणि हात तिथंच थांबला. कुड्या. साड्या. आईला घराबाहेर काढणं. शिलाई मशीनचा खण. हाताखालच्या माणसाला “लिफ्ट चालू करू नकोस” एवढंच सांगून ते जिन्यानं धावत सुटले.

दाराला आतून कडी नव्हती. टिकली मधल्या खोलीत लोखंडी कपाटासमोर जमिनीवर बसली होती. कपाट बंद होतं. उजव्या हाताची मूठ मांडीवर आवळलेली होती.

“लवकर आलात?” ती म्हणाली.

 मिस्त्री धापा टाकत तिच्या शेजारी खाली बसले. विचारू नये ते विचारावं की नुसतं बसावं, कळेना.

“किल्ली दे, बाळा.”

तिनं मूठ सोडली नाही. “मी उघडत नाही, बाबा. नुसती हातात धरून बसते. रोज तुम्ही गेल्यावर बसते. आईला वाटतं, मी झोपलेय.”

“आणि आज?”

तिनं कपाटाच्या दाराकडे बघितलं. “आज माहीत नाही.”

मिस्त्रींच्या हातांना तेल लागलेलं होतं. तसाच त्यांनी तिचा हात धरला. “मला उठवायचंस. रात्री, अपरात्री, कधीही. मी बसलो असतो तुझ्याजवळ.”

“तुम्हाला काय सांगू? बाळ गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याहून जास्त सांगण्यासारखं काही नाहीच माझ्याकडे.”

“नको सांगूस. नुसती हाक मार.”

तेव्हा ती रडली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्यानं, लहान मुलासारखी. मूठ कधी सुटली ते दोघांनाही कळलं नाही.

संध्याकाळी बायको परतली. मिस्त्रींनी तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. कानातल्या कुड्या काढून तिनं मुठीत घेतल्या आणि लेकीजवळ जाऊन बसली, ती उठलीच नाही. मिस्त्री रायफल आणि गोळ्यांची पेटी घेऊन क्लबात गेले. दोन्ही तिथल्या तिजोरीत ठेवूनच घरी आले.

रायफल विकायची म्हणून रविवारी मिस्त्रींनी वकीलसाहेबांना गाठलं. या रायफलीवर त्यांचा कितीतरी वर्षं डोळा होता.

“विकताय? तुम्ही? अहो, बायको मागितली असती तर एक वेळ दिली असतीत!”

“नजर गेली,” मिस्त्री म्हणाले. “परवान्याचं काय ते तुम्हीच बघा.”

“मग शेवटचा एक बार तरी काढा. रायफलीला बरं वाटेल.”

आजूबाजूचे हसले. नाही म्हणणं विचित्र दिसलं असतं. मिस्त्री चटईवर पालथे झाले, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. सगळं सवयीनं जिथल्या तिथं बसलं. समोर काळं वर्तुळ. बोट चापावर गेलं, आणि कपाटासमोर बसलेली लेक डोळ्यांपुढं उभी राहिली. ते थांबले. पुन्हा श्वास घेतला. पुन्हा तीच. त्यांनी गोळी काढून घेतली आणि सावकाश उठले.

“खरंच गेली हो नजर,” वकीलसाहेब म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

घरी टिकलीनं विचारलं, “दिलीत?”

“दिली.”

“माझ्यामुळे.”

“तुझ्यासाठी,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात ते तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाहेरची खोली माणसांनी भरलेली होती. तिचा नंबर आला तशी ती उठली, अंगावरची शाल काढून बापाच्या हातात दिली आणि आत गेली. दार लागलं.

शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “कुणाला दाखवायला आणलंय?”

“लेकीला.”

“काय होतंय?”

“दमलीय,” मिस्त्री म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान हलवली. मिस्त्रींनी शालीची घडी घातली, ती वाकडी झाली म्हणून मोडून पुन्हा घातली. आतलं दार उघडलं. ते शाल घेऊन उभे राहिले. नर्स होती. कसलीशी फाइल घेऊन ती परत आत गेली. मिस्त्री बसले. थोड्या वेळानं दार परत वाजलं, आणि ते परत उभे राहिले.