काळ्या डब्याची धास्ती

मित्रांनो, गास गावात मला सगळे बुलेट म्हणतात, पण मी बुलेट नाही. मी विलायतेत जन्मलेली, आता बरीच म्हातारी झालेली मोटारसायकल आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ मला भलतीच कुणीतरी समजल्यामुळे झाला.

बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात माझे नटबोल्ट आवळले गेले. तिथून बोटीने मुंबई, गिरणीच्या एका साहेबाचा बंगला. साहेब मायदेशी निघाला तेव्हा गासच्या व्हिन्सेंटच्या वडिलांनी मला घेतलं. साहेब टाय लावून माझ्यावर बसायचा, इथे माझ्यावर केळीचे घड बसले. आधी वाईट वाटलं, मग आवडायला लागलं. मी मोगऱ्याच्या करंड्या सोपाऱ्याला पोचवल्या, दिवस भरलेल्या बायका दवाखान्यात नेल्या आणि व्हिन्सेंटच्या लग्नात थेरेसाला चर्चमधून घरी आणलं. पुढे बँड वाजत होता. मला वाटलं, माझ्यासाठीच वाजतोय.

मग वय झालं. माझ्या पोटात पॉइंट म्हणतात ती दोन चिमुकली तोंडं आहेत. ती उघडझाप करतात तेव्हा ठिणगी पडते आणि मी धावते. ती तोंडं आता सारखी काजळायला लागली. व्हिन्सेंट पॉलिश पेपरने घासायचा, चार दिवस बरे जायचे, आणि मग मी नेमकी बघायला गर्दी असेल तिथे बंद पडायचे. एका गुड फ्रायडेला तर, सगळं गाव गप्प उभं असताना, सायलेन्सरमधून असा बार निघाला की दोन म्हाताऱ्या प्रार्थना सोडून मटकन खाली बसल्या. त्यानंतर घरात स्कूटर आली आणि माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली.

अशात व्हिन्सेंटच्या मुलीचं, अँजेलिनाचं लग्न ठरलं. ती जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, मम्मीला जिच्यावरनं आनलं, तिच्यावरनंच मी चर्चला जानार."

थेरेसाने डाव खाली ठेवला. "ती? ती वाटेत बसली तर तू झगा सावरत चालत जानार काय, बाय?"

"नाय बसनार," व्हिन्सेंट म्हणाला.

"बरं. लग्नाला चालली तर राहू दे. नाय चालली तर दुसऱ्या दिवशी तुळिंजचा भंगारवाला."

भंगारवाला एकदा येऊन गेलाच होता. कलिंगड वाजवून बघावं तशी त्याने माझी टाकी वाजवली होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हणून मित्रांनो, लग्नाची तयारी सुरू झाली तेव्हा घरात सगळ्यात जास्त काळजी नवरीला नव्हती, मला होती.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. म्हणजे ठिणगी पाडायचं काम त्या काजळलेल्या तोंडांऐवजी एका डब्याने करायचं. पण कुठला डबा? इथे एकमत संपलं. तुळिंजचा मेकॅनिक मितेश म्हणाला, "अंकल, मोडीत निघालेल्या हंड्रेड सीसी गाडीचा सीडीआय टाकतो. मक्खन चालेल." थेरेसाचा भाचा निकोलस बोटीवर नोकरीला. तो म्हणाला, "थांबा, मी हिच्याच देशातनं हिच्याचसाठी केलेला डबा आणतो." शेजारच्या वाडीतला हरेश्वर म्हणाला, "मला विचारशील तर बैल जुंप." व्हिन्सेंटने तिघांनाही मान डोलावली. ही त्याची जुनी खोड.

पहिली पाळी मितेशच्या सीडीआयची. तो लहान गाडीचा डबा, त्याला माझ्या मोठ्या पोटाचा अंदाज कुठला? त्याने ठिणगी फारच लवकर पाडली. व्हिन्सेंटने किक मारली आणि मी, अगदी मनाविरुद्ध, उलटी किक मारली. किकचा दांडा झटकन वर आला. व्हिन्सेंट तगरीच्या झुडपात गेला आणि त्याची चप्पल कुंपणावरून हरेश्वरच्या विहिरीत.

पलीकडून शांतपणे आवाज आला, "व्हिन्सेंट, दुसरीपण टाक. जोडी होईल."

व्हिन्सेंट लंगडत घरात गेला. थेरेसाने मलम दिलं, पण माझ्याकडे अशी बघून गेली की माझं उरलंसुरलं पेट्रोल थिजलं.

मग निकोलस सुट्टीवर आला. त्याने काळे डबे एक सोडून दोन आणले. बोटीवरच्या माणसाला जादा भाग जवळ ठेवल्याशिवाय झोप येत नाही. डब्याची तांबडी वायर गाडीच्या बॉडीला जोडायची, असं त्याने डब्यासोबतचा कागद वाचून मितेशला सांगितलं आणि तो जेवायला आत गेला. मितेशने तसंच केलं. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात त्याची नजर बॅटरीवर पडली.

"अंकल, ही तर उलटी लावलीय. बॉडीला प्लस? कोणी लावली?"

"मीच. बापपन अशीच लावायचा."

"मग दोघांनी चुकीची लावली. बॉडी म्हणजे मायनस. तुळिंजची कुठलीपण गाडी बघा."

मित्रांनो, तुळिंजच्या सगळ्या गाड्यांचं ते खरं आहे. माझं नाही. माझ्या काळात विलायतेत बॉडीला प्लसच जोडायचे, आणि तो डबाही तसाच केलेला होता. हे मला माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. माझ्याजवळ एक हॉर्न, तोही चावी फिरवल्यावरच वाजणारा. मितेशने माझ्या देखत बॅटरी फिरवली. 'सरळ' केली.

नेमके तेव्हा लग्नाच्या तयारीचं बघायला फादर आले. थेरेसा म्हणाली, "फादर, हिच्यावरपन जरा पवित्र पानी मारा." फादरनी दोन थेंब शिंपडले आणि त्याच क्षणी मितेशने चावी फिरवली. डब्यातून चर्र झालं. काळ्या धुराची एक बारीक शेंडी वर निघाली.

थेरेसाने छातीवर क्रूस काढला. "बघा. निघालं."

"काय निघालं?" व्हिन्सेंट म्हणाला.

"जे होतं ते."

फादर दोन पावलं मागे सरले आणि खबरदारी म्हणून त्यांनी आणखी थोडं पाणी शिंपडून घेतलं. झालं. माझ्या अंगातलं भूत निघालं म्हटल्यावर बॅटरीकडे कोण बघतो? मितेशने दुसरा डबा बसवला, बॅटरी चार्जिंगला नेली आणि जाताना सांगून गेला, "लग्नाच्या दिवशी सकाळी येऊन मीच लावतो, अंकल. सरळ."

तेव्हापासून मला डोळ्यासमोर एकच दिसत होतं: चर्र, धूर आणि तुळिंज.

लग्नाची सकाळ उजाडली. मांडवात बँडवाले चहा पीत होते. एव्हरशाईन सिटीतल्या पाहुण्यांनी फुलं लावलेली मोटार आणून फाटकात उभी केली होती, वेळ पडलीच तर म्हणून. त्या मोटारीकडे माझ्याने बघवत नव्हतं. अँजेलिना पांढरा झगा सावरत बाहेर आली. थेरेसा म्हणाली, "गाडी हाय उभी. उगाच हट्ट कशाला?"

मितेश बॅटरी घेऊन वाकला. व्हिन्सेंट कोट घालून बाजूला उभा होता. त्याने एकदा मुलीकडे बघितलं आणि कोट काढून निकोलसच्या हातात दिला.

"सरक, मितेश. मी लावतो."

"अंकल, हात काळे होतील."

"होऊ देत. माझ्या लग्नाला मीच लावली, पोरीच्या लग्नालापन मीच लावनार."

त्याने बॉडीची जाड वायर उचलली आणि बॅटरीच्या प्लसला आवळली. विचार करून नव्हे, हाताच्या सवयीने.

"अंकल, उलटी."

"तिला तशीच लागते."

"डबा जळेल. तिसरा नाहीये."

व्हिन्सेंटचा हात क्षणभर थांबला. माझा जीव त्या पान्यावर टांगला होता. मग त्याने नट घट्ट केला. मितेश केळीच्या झाडामागे जाऊन उभा राहिला. पलीकडच्या वाडीत हरेश्वरने विहिरीवर झाकण ओढल्याचा आवाज आला.

एक किक. मी सुरू झाले.

खोकला नाही, बार नाही. तरुणपणीही मी इतकी नीट बोलले नव्हते. झग्याचा घोळ मांडीवर गोळा करून अँजेलिना मागे बसली. सगळा रस्ता मी जीव मुठीत धरून धावले. चर्चसमोर पोचल्यावर व्हिन्सेंट मला बंदच करेना, पुन्हा सुरू झाले नाही तर या भीतीने.

"पप्पा, आता उतरा. तुम्हाला माझ्याबरोबर आत यायचंय," अँजेलिना म्हणाली. तेव्हा कुठे त्याने चावी फिरवली आणि तेच काळे हात घेऊन तो मुलीला आत घेऊन गेला.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर थेरेसा माझ्याजवळ आली. पदराने तिने माझी सीट पुसली. "सुरू होईल काय हो?" तिने विचारलं.

"होईल," व्हिन्सेंट म्हणाला.

"मग मलापन फिरवून आना जरा. आनि त्या भंगारवाल्याला सांगून ठेवा, आमच्याकडे काय नाय म्हनून."

आजही मी धावते, पण माझी धास्ती गेलेली नाही. मितेश अजून म्हणतो, गाडी त्याने बसवलेल्या डब्यामुळे चालली. थेरेसा म्हणते, पाण्यामुळे. आणि सणासुदीला जेवायला आला की मितेश हात पुसत माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "अंकल, एकदा बॅटरी सरळ करून टाकू या."

म्हणून मित्रांनो, एक विनंती. जुन्या वस्तूत काही उलटं दिसलं तर लगेच सरळ करायला धावू नका. जो तिला रोज हात लावतो, त्याला आधी विचारा. त्याला कारण सांगता आलं नाही, तरी जरा थांबा. आणि कधी गासला आलात, मितेश पाना घेऊन माझ्याजवळ बसलेला दिसला, तर व्हिन्सेंटला तेवढी हाक मारा. मला मारता येत नाही.