अडकलेली रेस

दसऱ्याला वऱ्हाडात ज्याचं पोट ज्यावर चालतं त्याची पूजा होते. जानरावांचं पोट अमरावतीतल्या जिनिंगवर चालत होतं; पण त्या वर्षी त्यांनी तिथल्या यंत्रांना नुसतं हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा सगळ्यात मोठा हार बाजूला ठेवला. तो लाल गाडीसाठी होता.

मुंबईच्या कुणा कंपनीवाल्या साहेबाकडून घेतलेली ही दोन सीटांची, बिनटपाची विलायती गाडी दारात आल्यापासून त्यांच्या बायकोला, जमुनाला, अन्न गोड लागत नव्हतं. सवत असती तर भांडता आलं असतं, चार बायका तरी बाजूनं बोलल्या असत्या. गाडीशी काय भांडणार? जानराव रोज सकाळी तिला मऊ फडक्यानं पुसत आणि जमुना खिडकीतून पाहत राही. आधी चाबी फिरवायची, मग बटण ओढायचं, मग कान देऊन ऐकायचं. एवढा कान देऊन त्यांनी जमुनाचं बोलणं कधी ऐकलं नव्हतं.

हार लोक गाडीच्या समोर बांधतात. जानरावांनी बॉनेट उचललं आणि तो आत, थेट इंजिनावर घातला.

“वरचा रंग लोकाईसाठी,” ते म्हणाले. “जीव इथं हाये.”

जमुनानं ओवाळलं. मनातल्या मनात ती गाडीला काय म्हणाली, ते सणाच्या दिवशी सांगण्यासारखं नाही.

दुपारी दोघं सोनं द्यायला मूर्तिजापूरला निघाले. नणंदेनं निरोपच धाडला होता, वहिनीशिवाय येऊ नको म्हणून. नाहीतर ती शेजारची जागा जमुनाला मिळाली नसती. बडनेरा मागे पडलं. पुढे एक बस धूळ उडवत चालली होती. ती ओलांडायला जानरावांनी रेस दाबली. बस मागे गेली, त्यांनी पाय उचलला, आणि गाडी हळू व्हायची ती आणखीच उधळली.

त्यांनी ब्रेक दाबला. करपल्याचा वास आला, वेग जेमतेम उतरला. मग क्लच दाबला. चाकांचं ओझं सुटताच इंजिन असं किंचाळलं, की चटका बसल्यासारखा जानरावांनी पाय काढला. गाडी पुन्हा सुसाट. समोर बैलगाड्यांची रांग दिसायला लागली.

“दाबून ठेवा ना ते,” जमुना म्हणाली.

“इंजिन फुटन.”

जमुनाला भीतीच्या आधी राग आला. थांबवणं त्यांच्या पायाखाली होतं. पण गाडीला दुखेल म्हणून ते थांबवत नव्हते. लग्नाची बायको शेजारी बसली होती, आणि कुणाला जपायचं ते त्यांचं ठरलेलं होतं.

तिनं हात लांबवला आणि चाबी फिरवली.

इंजिन गप्प झालं. आता ब्रेक लागला. गाडी रस्ता सोडून पऱ्हाटीत घुसली आणि कापसाची बोंडं तुडवत थांबली. जमुनाचं कोपर दारावर आपटून सोलवटलं, तरी तिनं आधी चाबी काढून मुठीत घेतली.

जानराव उतरले ते थेट बॉनेटकडे गेले. हाराचा दोरा सुटून रेसच्या दांडीला गुंडाळला होता. बस ओलांडताना ओढली गेलेली दांडी मागे फिरलीच नव्हती. त्यांनी नखानं एकेक वेढा सोडवला आणि पुटपुटले, काही नाही झालं, काही नाही झालं. ते इंजिनाला सांगत होते.

“बाईच्या हाताले रगत हाये ना, सायेब,” मागून आवाज आला. शेताचा मालक बुधाजी धावत आला होता. तेव्हा कुठे जानरावांनी वळून पाहिलं.

बुधाजीनं बैल लावून गाडी रस्त्यावर काढली. आता दोरा निघाला, भिण्यासारखं काही नाही, असं समजावत जानरावांनी चाबीसाठी हात पुढे केला. जमुनानं मूठ मिटली.

“चाबी माह्यापाशी राहीन. तुमी तिच्यात बसा अन् स्टेअरिंग धरा. बडनेऱ्यापावतर बैल ओढतीन.”

“लोक हासतीन, जमुना.”

“हासू द्या. इतके दिवस मले हासत होते.”

“माह्या बैलाची रेस अडकत नाही, सायेब,” म्हणत बुधाजीनं आपल्या बैलगाडीला दोर बांधला.

जमुना बैलगाडीत मागे तोंड करून बसली. दोराच्या टोकाला लाल गाडी मुकाट्यानं येत होती आणि जानराव स्टेअरिंग धरून एकटक जमुनाकडे पाहत होते. लग्न झाल्यापासून इतका वेळ त्यांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. तोंडाकडे पाहतात की मुठीकडे, तेवढं तिला कळेना. ते कळावं म्हणून तिनं मूठ पदराखाली घेतली.