आठ दिवसांत अर्धं

आमच्या अमरदादाला पाणी मागितलं तर तो आधी विहीर कशी खोदतात ते सांगतो. भद्रावतीच्या ज्युनिअर कॉलेजात तो फिजिक्स शिकवतो आणि सुट्टीत घरी आला की आम्हाला शिकवतो. खोटं बोलत नाही हा त्याचा गुण, आणि कुठे थांबावं ते कळत नाही हा दोष. या दोघांनी मिळून माझ्या लेकीचं बारसं अडवलं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, नागभीडजवळच्या आमच्या गावात व्हायचं होतं. त्याच सुमारास माय, म्हणजे आमची आई गोकुळा, हिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ कॅन्सरची निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. उरलासुरला कॅन्सर मारायला तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर बाळाच्या जवळ जायचं नाही. म्हणून मी बाळाला घेऊन गावातच मावशीकडे राहिले. माय रोज मासोळी विकून यायची आणि रस्त्यापलीकडूनच ओरडायची, "आचल, झोपली का वो पोरगी?"

तिला हा महिना काही जड गेला नाही. जन्मभर तिनं सुतक पाळलं होतं, विटाळ पाळला होता. मुदत भरली, तलावावर आंघोळ केली की सुटलं. हे त्यातलंच एक, फक्त नागपूरहून आलेलं.

महिना भरला. दवाखान्यात मीटर लावून पाहिलं आणि डॉक्टर म्हणाले, आता नातीला बिनधास्त मांडीवर घ्या. बारसं आम्ही तिच्यासाठीच थांबवलं होतं, कारण नातीला पाळण्यात तिनंच घालायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी मावशीच्या अंगणात बसून तिनं दादाला विचारलं, "पुरा गेला ना रे इटाळ?"

आता इथे हो म्हणावं आणि जेवायला बसावं की नाही? दादानं पाखडायचं सूप मागवलं. त्यात लाखोळीचे दाणे ओतले.

"हे समज आयोडीनचे अणू. मिठातल्या आयोडीनपेक्षा याच्या पोटात चार न्यूट्रॉन जास्त. ते त्याले झेपत नाई. मंग एक न्यूट्रॉन बदलते, इलेक्ट्रॉन बाहेर फेकते, आन आयोडीनचा दुसराच वायू होते. आठ दिवसांत अर्धे असे जातात." त्यानं अर्धे दाणे बाजूला केले. "अजून आठ दिवसांत, उरले त्याचे अर्धे."

"आन पुरे कवा?"

"ते नाई सांगता येत. कोनता कवा जाईन, ब्रह्मदेवालेही मालूम नाई. हे म्हातारे होऊन मरत नाई, माय. आजवर टिकला तो उद्या जाईनच असं नाई. अर्ध्याचं अर्धं होत राहते."

माणूस थकतो, पिकतो, मग जातो, निदान तसं आपण धरून चालतो. या अणूंना वयच नाही.

माय सुपात उरलेल्या दाण्यांकडे बघत होती. "म्हंजे अजून आहे."

"नावाले आहे."

"पन आहे."

दुसऱ्या दिवशी पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या, आणि माय फाटकाबाहेर उभी. तलावावरून आंघोळ करून आली होती, केस ओले होते. काही केल्या आत येईना.

"आंघोळीनं न जानारा इटाळ पयल्यांदाच पाह्यला," ती म्हणाली. "माह्यापायी लेकराले काई झालं तं? तुमी घाला तिले पाळन्यात. मी इथूनच पाह्यतो."

दवाखान्यातल्या मीटरची आठवण दिली, डॉक्टरांची शपथ घातली, दादानं हात जोडले. एकदा जे नाही संपलं ते नाही संपलं, यावर ती अडून बसली. मला रडू फुटलं. गळ्यावर सुरी चालली तेव्हा हिनं हूं केलं नव्हतं, फक्त नात बघायची म्हणून. सगळा राग मी दादावर काढला.

"येतं तेवढं सारं सांगाचंच होतं का तुले? आता मायले शून्य पाह्यजे म्हने! शून्य कोनाच्या अंगात असते तरी का?"

दादा म्हणाला, "कोनाच्याच नाई."

"म्हंजे?"

"भातात, मासोळीत पोटॅशियम राह्यते. त्यातले थोडे अणू असेच, न झेपनारे. ते आपल्या अंगात बदलतच राह्यतात. तुह्या, माह्या, साऱ्याइच्या."

फाटकातून मायनं विचारलं, "पोरीच्या बी?"

"तिच्या बी. आचलच्या रक्तातून गेले, आता दुधातून जातात. दर सेकंदाले शंभराच्या वर फुटत असतीन."

मावशीच्या मांडीवर लेक होती. मावशी क्षणभर दचकली, आणि मग तिनं तिला आणखी घट्ट धरलं.

"जल्मल्यापासून?" मायनं विचारलं.

"जल्माच्या आदीपासून."

"आन तरी तुमी साऱ्याइनं तिले मांडीवर घेतलं?"

"मंग? घेनारच ना, माय."

मायनं चपला काढल्या, फाटक लोटलं, भरल्या अंगणातून सरळ मावशीपुढे आली आणि दोन्ही हात पसरले.

"आन इकडे," ती म्हणाली. "तिचा इटाळ लागू दे मले."