चार वाजेपर्यंत

कादंबरी सकाळी नऊलाच लिहून संपली होती. तरी ओरिए कुसाकाबे कागदावर पेन खरडत बसली होती, कारण कागदी दारापलीकडे संपादक त्सुगावा कान टवकारून बसला होता.

कागुराझाका भागातल्या या जुन्या खानावळीच्या माडीवर त्याने तिला तीन दिवस डांबलं होतं. लिखाण लांबवणाऱ्या लेखकांना असंच कोंडतात; पहिल्याच पुस्तकाला हा मान मिळाला म्हणून, ती जन्ममृत्यूचे दाखले द्यायची त्या वॉर्ड ऑफिसातल्या मैत्रिणींनी तिची भरपूर थट्टा केली होती. चारनंतर छापखाना हस्तलिखित घेणार नव्हता. तिने मुद्दाम ते अगदी शेवटच्या क्षणी द्यायचं ठरवलं होतं, म्हणजे शेवट बदलायला त्सुगावाला सवडच मिळणार नाही. त्याला नायिका चंद्रावरून घरी परतायला हवी होती. ओरिएची नायिका परतत नव्हती. पण तोंडावर नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

"सेन्सेई, कुठवर आलं?" लेखकांना आदराने मारतात ती हाक त्याने दारापलीकडून मारली.

"शेवटचं पान, त्सुगावा-सान."

"दुपारपासून शेवटचंच पान चाललंय. भलतंच लांबलचक दिसतंय."

पेन आणखी जोरात चालू लागलं.

चारला पाच कमी असताना तिने गठ्ठा दारातून सरकवला. त्सुगावाने आधी शेवटचं पान वाचलं. मग धावत सुटायचं सोडून तो आत येऊन ऐसपैस बसला आणि खिशातून लाल पेन्सिल काढली.

"छापखाना?" तिने विचारलं.

"उद्या दुपारी. लेखकांना खरी वेळ सांगतं का कुणी? चला, पोरीला घरी आणू."

तिला स्वतःचीच चीड आली. आता लपायला जागा उरली नव्हती.

"नाही आणायचं." आवाज चिरकला. "ती तिथेच राहणार."

"वाचक रडतील."

"रडू देत."

"मग दुसऱ्या पुस्तकाचं मी प्रकाशकांकडे शब्दानेही बोलणार नाही. बसा दाखले देत."

दुसऱ्या कादंबरीची चाळीस पानं घरी तयार होती.

"नका बोलू," ती म्हणाली.

त्सुगावाने लाल पेन्सिल खिशात टाकली, गठ्ठा कापडात बांधला आणि तो निघून गेला.

पुस्तक आलं, शेवट तिचाच होता. त्सुगावानेही शब्द पाळला. पुढची सहा वर्षं ओरिए वॉर्ड ऑफिसाच्या खिडकीत बसून जन्ममृत्यूचे दाखले देत होती.