चौथा आठवडा

"माझं नाही. आधीच सांगून ठेवते, ते जे काय आहे ते माझं नाही," वकीलीण नाक दाबून पुटपुटली. "आणि आटप गं बाई लवकर. माझं दूध बाहेर तापतंय."

धाकटी फ्रिजसमोर उकिडवी बसली होती. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हातात पेन, वही गुडघ्यावर. खालच्या कप्प्यात कधीकाळी काकडी होती. आता पिशवीच्या तळाशी तिचं हिरवट पाणी झालं होतं आणि त्या पाण्यावर राखाडी लव धरली होती. मागे भिंतीला चिकटून एक पातेलं. त्याचं झाकण कुणी काढायचं नाही, हे पाचजणींत न बोलता ठरलेलं होतं.

"आठ," धाकटी म्हणाली.

"आठ कसले? नऊ धर. मला इथे उभ्या उभ्या मळमळतंय."

"दोघींनी वेगवेगळं सांगायचं, मग सरासरी. नियम तूच केलायस."

"मग लिही साडेआठ आणि लाव ते दार."

धाकटीने लिहिलं. आठवडा नववा, वासाचा निर्देशांक साडेआठ. दार लावलं तरी जेवढा वास नाकात जायचा तेवढा गेला होता. ती उठून बेसिनशी गेली आणि साबणाने हात धुऊ लागली. तिने कशालाच हात लावला नव्हता.

कॉलेज लहान होतं. सगळी मिळून दोनशे डोकी, त्यांत अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला नऊ. इथे नुसतं अर्थशास्त्र घेऊन चालत नसे. माणूस सगळ्या अंगांनी घडला पाहिजे असं माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं असल्यामुळे सोबत चित्रकला, तत्त्वज्ञान, कुंभारकाम असं काहीतरी घ्यावंच लागे. धाकटीने कुंभारकाम घेतलं तेव्हा तिचे बाबा फोनवर म्हणाले होते, "बरं केलंस. बाजार कोसळला तर मडकी तरी विकशील."

सत्र सुरू झालं तेव्हा सरांनी वर्गाला सांगितलं होतं, "पुस्तकातली गायरानं पुरे झाली. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आसपासची एक सामायिक वस्तू निवडा आणि नऊ आठवडे मोजा." चार मुलांनी वाचनालयातल्या खुर्च्या घेतल्या. वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पाच मुलींनी मजल्यावरचा फ्रिज घेतला, कारण तो खोल्यांपासून आठ पावलांवर होता.

पाचजणींत वकीलीण म्हणजे जिला कुणाच्याही वाक्यात 'पण' सापडे ती. दोघी जुळ्या. त्या एकमेकींच्या नात्यातल्याही नव्हत्या, पण एकीला शिंक आली की दुसरी रुमाल काढायची. चौथी भाची, कॉलेजच्या एका विश्वस्तांची. हे ती स्वतः कधी सांगत नसे आणि त्यामुळे सगळ्यांच्या ध्यानात राही. आणि धाकटी, बाकीच्यांपेक्षा सहा महिन्यांनी लहान, एवढ्याचसाठी धाकटी.

पहिले तीन आठवडे त्यांची वही कशी आरशासारखी होती. निर्देशांक शून्य, शून्य, शून्य. त्यांनी कप्प्यांवर नावांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, आणि 'मालकी ठरली की निगा आपोआप येते' असं वकिलिणीने ठळक अक्षरांत लिहिलं होतं. सरांनी त्याच्या बाजूला 'छान' असा शेरा मारला होता. चौथ्या आठवड्यात आकडा दोनावर गेला, मग चारावर, मग त्याने मागे वळून बघितलं नाही. वकिलिणीने नियमावली केली. पाळ्या लावल्या, दंड लावला, दारावर सूचना लावली. नियम चौदा झाले, फडकं मात्र एकीच्याही हातात आलं नाही. मध्येच एकदा धाकटी म्हणाली होती, आपणच धुऊन टाकूया का? तेव्हा जुळ्यांतली एक म्हणाली, "अगं, मग आकडे बिघडतील ना." हे ऐकून सगळ्यांना फार बरं वाटलं. आळसाने घाण ठेवणं वेगळं आणि शास्त्रासाठी ठेवणं वेगळं.

गुरुवारी दुपारी धाकटी वर्गातून परतत होती. वसतिगृहाच्या फाटकाशी मावशी उभ्या होत्या.

आठ वर्षं दुसरा मजला त्यांनी झाडला होता. आता गेले पाच आठवडे कंत्राटदाराचा माणूस येई, यंत्राने फरशी पुसून जाई, आणि काही विचारलं तर "ते आपल्या यादीत नाही" म्हणे.

धाकटीची पावलं हळू झाली. दुसऱ्या फाटकाने जाता आलं असतं. पण मावशींनी हात वर केला.

"ताई, तब्येत बरी आहे ना? वाळलात."

"बरी आहे मावशी. तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय." त्या हसल्या. मग पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. "तिकडे हॉस्पिटलात जागा आहे. वॉर्डात. माझं काम बघितलं त्यांनी, पसंत पडलं. पण आधीच्या ठिकाणचं पत्र मागतात, वागणूक चांगली होती म्हणून. रेक्टरबाई देत नाहीत. दोनदा आले मी. म्हणाल्या, चोरी केलेल्या बाईला मी चांगली कशी लिहू?"

धाकटीने कागद घेतला. त्यावर हॉस्पिटलातल्या कुणा बाईंचं नाव होतं आणि शनिवारची तारीख.

"तुम्ही शिकलेल्या. तुमचं ऐकतील त्या. तेवढं विचाराल?"

"विचारते."

"केक कुणी खाल्ला ते मला नकोच आहे," मावशी म्हणाल्या. "पोरी आहात. भूक लागते या वयात. खाल्ला तर खाल्ला. फक्त माझ्या नावावर नको ते."

धाकटी कागदाची घडी आणखी लहान करत राहिली.

"आणि काय हो, मंगळवारी कप्पे कोण धुतं आता?"

"कुठले कप्पे?"

"फ्रिजचे. मी मंगळवारी सगळे बाहेर काढून धुवायची ना. तुम्ही वर्गात असायचा तेव्हा. सडकं-बिडकं असलं तर टाकायचं, नाव असलेलं तसंच ठेवायचं."

"रेक्टरमॅडमनी सांगितलं होतं?"

"छे, कोण सांगतंय! वास यायचा म्हणून." त्यांनी धाकटीच्या खांद्यावरचं कसलंसं कुसळ काढून टाकलं. "येते मी."

केकची गोष्ट एवढीच होती. भाचीच्या आईने वाढदिवसाला केक पाठवला, गोल पत्र्याच्या डब्यात. भाचीने सगळ्यांना एकेक तुकडा दिला आणि उरलेला, अर्ध्याहून जास्त, रविवारी येणाऱ्या मामांसाठी फ्रिजमध्ये ठेवला. डब्यावर पट्टीही लावली. शनिवारी डबा सापडला तो खिडकीत, लख्ख धुतलेला, पालथा. शेजारी मावशी पदराला हात पुसत होत्या. भाची रडली. रेक्टरबाई वर आल्या आणि त्यांनी विचारलं, "कुणी खाल्ला?" पाचजणींनी फरशीकडे बघितलं. फरशी स्वच्छ होती. मग रेक्टरबाईंनी जिचे हात ओले होते तिच्याकडे बघितलं.

"मला आत रिकामाच सापडला, बाई," मावशी म्हणाल्या होत्या.

"रिकामा डबा कुणी फ्रिजमध्ये ठेवतं का?" रेक्टरबाईंनी विचारलं होतं. सोमवारपासून मावशी आल्या नाहीत.

संध्याकाळी धाकटी रेक्टरबाईंच्या दारात गेली. त्या चष्मा कपाळावर सरकवून हजेरीपट बघत होत्या.

"काय गं?"

"मॅडम, ते..." कागद तिच्या मुठीत होता. "वरच्या नळाला पाणी कमी येतंय."

"प्लंबरला सांगते. अजून काही?"

"नाही."

वर आल्यावर तिने पुन्हा साबण घेतला. नळाला पाणी भरपूर होतं.

शुक्रवारी सादरीकरण. विषय वसतिगृहाचा म्हणून सरांनी रेक्टरबाईंनाही बोलावलं होतं. त्या पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. सरांचा चहा झाला होता. त्यांनी कप न बघताच टेबलाच्या कडेला सरकवला आणि शिपाईकाका तो न बोलता उचलून घेऊन गेले. हा कप कुठे जातो आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ होऊन कसा येतो, हे सरांनी कधी विचारलं असेल का, असं धाकटीच्या मनात आलं. तिने वहीत ठेवलेला कागद चाचपला.

वकीलीण पडद्यासमोर उभी राहिली. पहिलंच चित्र पातेल्याचं होतं. झाकण न काढलेलं, पण कडेने जे बाहेर आलं होतं ते पुरेसं होतं. वाचनालयाच्या खुर्च्या मोजणारी मुलं "ई!" करून हसली. रेक्टरबाईंनी रुमाल काढला.

"पुढे घे, पुढे घे," सर म्हणाले. "अजून जेवायचंय लोकांना."

पुढे आलेख होता. भाचीने काढलेला, सुबक. रेघ तीन आठवडे जमिनीवर झोपलेली, मग उठून जिना चढावा तशी चढलेली. वकीलीण नियमावलीकडे वळत होती, तेवढ्यात सर खुर्चीतून पुढे झुकले.

"थांब. मागे जा. हा चौथा आठवडा." त्यांचे डोळे चमकले. "इथे काहीतरी तुटलंय बघा. नियम तेच, माणसं तीच, फ्रिज तोच. मग काय बदललं?"

जुळ्यांनी एकमेकींकडे बघितलं.

"सांगा ना. तुमचाच आलेख आहे."

"उकाडा वाढला असेल, सर," जुळ्यांतली एक म्हणाली.

"फ्रिजच्या आत?"

वर्ग हसला. दुसरी जुळी म्हणाली, "चाचणी परीक्षा होत्या. सगळ्या बिझी होत्या."

"त्या सातव्या आठवड्यात होत्या. मीच घेतल्या. अजून?"

"सवय मोडली असेल, सर," वकीलीण म्हणाली. "सुरुवातीचा उत्साह ओसरतो. पण आपण असंही म्हणू शकतो की..."

"उत्साह हळूहळू ओसरतो. हा आकडा एका आठवड्यात उठलाय. आलेख खोटं बोलत नाही."

भाची स्वतःची नखं बघत होती. धाकटीला त्या खोलीत तोच वास येऊ लागला, खालच्या कप्प्यातला. तिने स्वतःची बोटं नाकाशी नेली. साबणाचा वास होता.

"मावशी गेल्या," ती म्हणाली.

"कोण मावशी?" सरांनी विचारलं.

"आमचा मजला झाडायच्या. आठ वर्षं. मंगळवारी आम्ही वर्गात असताना फ्रिजही धुवायच्या. आम्हाला माहीत नव्हतं."

"ते तिच्या कामात नव्हतं," रेक्टरबाई मागे वळून म्हणाल्या.

"हो मॅडम. नव्हतं."

सरांनी टेबलावर हलकी थाप मारली. "बघा! याला म्हणतात न मोजलेले श्रम. तीन आठवडे तुम्हाला वाटत होतं, आपल्या पट्ट्यांनी काम केलं. पट्ट्यांनी काही केलेलं नाही! वा. फार सुंदर निघालं हे. लिहून घ्या, अहवालात हेच मुख्य ठेवा."

पाचांपैकी चौघींनी पेनं उचलली. पानांची सळसळ झाली. वकिलिणीचा चेहरा सैल पडला, ती धाकटीशेजारी जागेवर येऊन बसली आणि तिने 'न मोजलेले श्रम' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. जुळ्यांनी एकमेकींच्या वहीत डोकावून शब्द पडताळून घेतला. आता ते शब्द झाले होते, गुण मिळवून देणारे.

"ते ठीक आहे हो," रेक्टरबाई पर्सची चेन लावत म्हणाल्या. "बाई कामाला वाघ होती, मी नाही म्हणत नाही. पण तिला हौसेने नाही काढलं. काढायला कारण झालं होतं, आणि ते या मुलींना चांगलं माहीत आहे."

पेनं थांबली. बाकाखालून वकिलिणीने धाकटीचा पाय आपल्या पायाने दाबला, जोरात, आणि दाबूनच ठेवला.

धाकटी उभी राहिली. उभं राहायला पाय सोडवून घ्यावा लागला. वहीतून तिने कागद काढला, त्याच्या घड्या एकेक करून उलगडल्या आणि पुढे जाऊन तो रेक्टरबाईंसमोर ठेवला. शनिवारच्या तारखेवर तिचं बोट टेकलेलं होतं.

"काय आहे हे?"

"मावशींना पत्र हवंय, मॅडम. उद्यापर्यंत." मग तिने बोट उचललं आणि हात पाठीमागे न नेता तसाच समोर ठेवला. "केक त्यांनी नाही खाल्ला. आधीचे तुकडे कुणी खाल्ले, ते जिचं तिने सांगावं. शेवटचा मी खाल्ला. मग झाकण लावून रिकामा डबा परत आत मीच ठेवला. त्यांनी तो फक्त धुतला."