चित्र धूसर, आवाज खणखणीत

मी व्हिडिओ कापणारा-जोडणारा, फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम बोलतोय. मला कुणी मालक नाही. देशोदेशीच्या हौशी मंडळींनी सवडीने घडवलं, म्हणून माझं एक बटण इथे तर दुसरं भलतीकडेच. काम ऐन रंगात असताना आडवा पडायची खोडही मला आहे. लपवून काय करू?

एका सुताराच्या लेकीने जुन्या लॅपटॉपवर मोफत सिस्टिम घातली आणि मला घरी आणलं. बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. म्हणून ती रोज कारखान्यात त्यांना बोलतं करून मोबाइलवर टिपून घेई.

"जुन्या लॅपटॉपवर फुकटचं ते, टिकेल का गं?" बाबा विचारत.

"तुमची करवत तरी कुठे नवी आहे?"

लॅपटॉपला मोठे व्हिडिओ झेपेनात. मग मी प्रत्येकाची छोटी, धूसर प्रत काढून बाजूला ठेवायचो आणि तिच्यावर काम भागवायचो.

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले, गप्प. त्याच आठवड्यात डिस्क भरली. "सगळं प्रोजेक्टमध्ये आहेच की," म्हणत तिने मूळ व्हिडिओ पुसून टाकले. मोबाइलवरचे तर आधीच गेले होते. पण माझ्या प्रोजेक्टच्या फाइलीत व्हिडिओ नसतातच हो, ते कुठे ठेवलेत त्याचे पत्ते तेवढे असतात! दुसऱ्या दिवशी मी तिला बेचाळीस व्हिडिओंसाठी बेचाळीस वेळा सांगितलं, फाइल सापडत नाही. मला फार वाईट वाटलं.

माझ्या घडवणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर तिने सगळं लिहिलं. तासाभरात कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं: "ताई, घाबरू नका. छोट्या प्रतींचा फोल्डर शोधा. तो पुसला नाहीत ना?"

नव्हता पुसला. तो आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

चित्रात रंधा कुठला नि हात कुठला कळेना, पण आवाज खणखणीत: "घाई नको. लाकूड काय म्हणतंय ते ऐक आधी."

बाबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

माझ्यात खोट दिसली तर खुशाल शिव्या घाला, पण घडवणाऱ्यांना दोन ओळी कळवा. तिने कळवलं. आता काम जतन करताना मी बजावतो: या फाइलीत व्हिडिओ नाहीत, ते जपून ठेवा.

बाबा रोज सकाळी रंधा हातात घेण्याआधी मला उघडतात आणि स्वतःचा आवाज ऐकतात. तेवढा वेळ मी आडवा पडत नाही.